नाव, गाव, मोबाईल नंबर : जुन्नर-आंबेगावच्या पाहुण्यांच्या माहितीचा हिशेब

लेण्याद्रीचे तिकीट खिडकीवर रोख काढले तर 25 रुपये आणि ऑनलाइन काढले तर 20. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 2018 मध्ये दर वाढवले, तेव्हा रोकडविरहित व्यवहारांना उत्तेजन म्हणून ही पाच रुपयांची सूट ठेवली. हेतू चांगलाच होता. पण खिडकीवर पैसे देणाऱ्याला तू कोण, कुठला, असे कोणी विचारत नाही. ऑनलाइन तिकिटाला मात्र नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक असा ऐवज लागत आला आहे. पाच रुपये वाचवताना पाहुणा आपली ओळख मागे ठेवून जातो. ती पुढे कोणाकडे जाते आणि किती दिवस राहते, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि तोही विचारत नाही.

संग्रहालय म्हटले की एक इमारत, एक दार आणि दारावर एक वही डोळ्यांपुढे येते. अशा ठिकाणी पाहुण्याच्या माहितीला जबाबदार कोण, हे सांगणे सोपे असते. जुन्नर आणि आंबेगाव हे उघड्यावरचे संग्रहालय आहे. शिवनेरी, दोनशेहून अधिक लेणी, नाणेघाट, ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांतली दोन देवस्थाने, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र, आणि मंचर-घोडेगाववरून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता. 2018 मध्ये जुन्नरला राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ या नावाने 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात शिवनेरी आहे. गर्दी वाढणार, तशा नोंदीही वाढणार. पण दारे अनेक, धनी अनेक. माहिती मागायला सगळे पुढे असतात. ती सांभाळायची कोणी, हे मात्र ठरलेले नाही.

कोण काय घेते

पुरातत्त्व खात्याचे तिकीट ही झाली एक खिडकी. देवस्थानात अभिषेकाची नोंदणी केली की नाव, गोत्र, पत्ता आणि मोबाईल लिहून घेतात. करसवलतीची पावती हवी असेल तर पॅनही द्यावा लागतो. राजुरीसारख्या गावांत कृषी पर्यटन चांगले रुजले आहे. तिथे आणि सगळ्याच मुक्कामाच्या ठिकाणी ओळखपत्राची झेरॉक्स मागतात, किंवा यजमान आपल्या मोबाईलवर आधार कार्डाचा फोटो काढून घेतो. पाहुणा परदेशी असेल तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवणे यजमानाला बंधनकारक आहे. नाणेघाट-जीवधनच्या ट्रेकला माणसे नेणारे संयोजक गूगल फॉर्म पाठवतात. त्यात रक्तगट, जुने आजार, घरच्यांचा नंबर हे सगळे असते, आणि तो फॉर्म बहुधा संयोजकाच्या खासगी खात्यावर असतो. खोडदची दुर्बीण पाहायची तर आधी परवानगी काढावी लागते, म्हणजे नावांची यादी आलीच. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीचा शासकीय सोहळा शिवनेरीवर होतो. तेव्हा बंदोबस्त असतो, पास असतात, याद्या असतात. शिवाय वाहनतळाची पावती, चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड आणि ठिकठिकाणचे सीसीटीव्ही.

यातली एकेक नोंद पाहिली तर किरकोळ वाटते. पण मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेल्या एका कुटुंबाच्या नोंदी एकत्र केल्या, तर त्यांचे गोत्र, धर्म, आजार, मुलांची नावे, गाडीचा क्रमांक, आधार क्रमांक आणि घर कोणत्या दोन रात्री रिकामे होते इतके सगळे त्यातून निघते. आज ही जोडणी कोणी करत नाही, कारण नोंदी विखुरलेल्या आहेत. सध्या पाहुण्याचे जे काही रक्षण होते आहे, ते या विस्कळीतपणामुळे. पर्यटनासाठी तालुक्याचे एकच ॲप, एकच पास अशी सोय जेव्हा कोणी करील, तेव्हा हे रक्षणही संपेल.

कागदाची वही आणि तिचा फोटो

आता एक वही जवळून पाहू. लांबट रजिस्टर, पेनाने आखलेले रकाने: अनुक्रमांक, नाव, गाव, मोबाईल, गाडी नंबर, सही. वरच्या बारा ओळी भरलेल्या. तेराव्या ओळीत लिहिणारा माणूस वरची बाराही नावे आणि नंबर सहज वाचू शकतो. पेन दोऱ्याने बांधलेले असते, वहीला मात्र झाकण नसते. एकटी आलेली मुलगी आपला नंबर लिहून पुढे जाते आणि मागे उभा असलेला कोणीही तो टिपून घेऊ शकतो. रात्री अनोळखी नंबरावरून ‘हाय’ आले, तर तो कुठून मिळाला हे तिला कधीच कळणार नाही. त्यासाठी हॅकर लागत नाही. वही उघडी असली की पुरते.

2020-21 मध्ये करोनामुळे अशा वह्या दुकानोदुकानी, कार्यालयोकार्यालयी आल्या. लागण झाली तर संपर्कातली माणसे शोधता यावीत, हा त्यामागचा हेतू. साथ ओसरली, हेतू संपला. वह्या मात्र कित्येक ठिकाणी चालूच राहिल्या. भरलेल्या वह्यांचे काय करायचे, हे कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे त्या कपाटात पडून राहतात किंवा रद्दीत जातात.

नव्या कायद्याची पहिली मोठी फट इथेच आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 हा नावाप्रमाणेच डिजिटल माहितीपुरता आहे. कागदावर लिहिलेली आणि कागदावरच राहिलेली नोंद त्याच्या कक्षेत येत नाही. तीच नोंद कोणी एक्सेलमध्ये भरली, किंवा पानाचा फोटो काढून कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजची यादी’ म्हणून टाकला, की ती कक्षेत येते. चौकीवरच्या माणसाला, घरगुती मुक्कामाच्या यजमानाला किंवा ट्रेकच्या म्होरक्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याच्या खिशातला फोन दिवसातून अनेकदा ही सीमा ओलांडतो.

कायदा कुठवर पोचतो

न्या. के. एस. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर कायदा व्हायला सहा वर्षे लागली आणि नियम यायला आणखी दोन. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी लगेच लागू झाल्या. संमती, सूचना, सुरक्षा या मुख्य जबाबदाऱ्या मात्र अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू व्हायच्या आहेत.

कायद्याचा गाभा सोपा आहे. माहिती घेताना ती कशासाठी हवी, हे आधी सांगायचे. त्या कामापुरतीच घ्यायची. काम झाले की पुसायची. संमती जितकी सहज दिली, तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. पाहुण्याला सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, त्यामुळे मराठीत सूचना मागणे हा आता हक्क होणार आहे. माहिती गळाली तर ज्याची ती आहे त्याला आणि मंडळाला विनाविलंब कळवायचे, आणि 72 तासांत मंडळाला तपशील द्यायचा. सुरक्षेत कुचराई केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ओझरचे देवस्थान किंवा चार खोल्यांचे कृषी पर्यटन केंद्र 250 कोटी या आकड्याने घाबरून जाईल, असे नाही. इतका मोठा आकडा आपल्यासाठी नाहीच, असे प्रत्येकाला वाटते. आणि मंडळही चार खोल्यांच्या मागे लागण्याआधी मोठ्या कंपन्यांकडे पाहील, हे उघड आहे. दंड झालाच तरी तो सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याची माहिती गेली त्याला नुकसानभरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट ती काही प्रमाणात देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 43अ हे कलम तो रद्द करतो. पाहुण्याच्या बाजूने पाहिले तर हा तोट्याचा सौदा आहे.

दुसरी उणीव गोत्राच्या रकान्यात दिसते. युरोपच्या 2018 पासून लागू असलेल्या डेटा नियमावलीत धर्मश्रद्धा, आरोग्य, वंश ही माहिती वेगळ्या, अधिक कडक कप्प्यात ठेवली आहे. आपल्या कायद्यात असा वेगळा कप्पाच नाही. अभिषेकाच्या पावतीवरचे गोत्र, ट्रेकच्या फॉर्मवरचा दम्याचा आजार आणि वाहनतळाच्या पावतीवरचा गाडी क्रमांक हे सगळे एकाच मापाने मोजले जाते.

तिसरी बाब सरकारची. या भागातली बहुतेक मोठी ठिकाणे सरकारी आहेत: पुरातत्त्व खाते, वनविभाग, पोलीस, पर्यटन विभाग. काम संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधन कायद्याने शासनाला लावलेले नाही. शिवाय सार्वजनिक सुव्यवस्था, देशाची सुरक्षा अशा कारणांसाठी केंद्र सरकार एखाद्या यंत्रणेला संपूर्ण सूट देऊ शकते. म्हणजे शेतघरात पाहुणे ठेवणाऱ्या शेतकऱ्याने वर्षाखेरीस याद्या पुसायच्या, आणि सरकारी तिकिटावरची ओळख मात्र कितीही काळ राहू शकते. लहान हाताला नियम कडक आणि मोठ्या हाताला सैल, असा हा प्रकार आहे.

सहलीची यादी

पाहुण्यांमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत मुका वर्ग शाळकरी मुलांचा. हिवाळ्यात एस.टी.च्या सवलतीच्या गाड्या शिवनेरी-लेण्याद्री-ओझर असा फेरा करतात. 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला विज्ञान प्रदर्शन आणि दुर्बीण पाहायला शाळांची झुंबड उडते. प्रत्येक सहलीची एक यादी असते: नाव, इयत्ता, जन्मतारीख, पालकांचा मोबाईल, कधी रक्तगट, कधी आधार क्रमांक. ही यादी मुख्याध्यापक, आगार, गाडीबरोबरचे शिक्षक, मुक्कामाची जागा आणि पालकांचा ग्रुप अशी फिरते. त्यातल्या प्रत्येक फोनमध्ये तिची एक प्रत राहते.

कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक केली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवायला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती करायला बंदी घातली आहे. शाळांना शिक्षणाच्या आणि सुरक्षेच्या कामापुरत्या काही सवलती आहेत. पण सहलीचा समूहफोटो नावांसकट समाजमाध्यमावर टाकणे हे ना शिक्षणाचे काम, ना सुरक्षेचे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणून त्यांची नोंदही नाही. जिथे पैसे लागत नाहीत तिथे नाव लागत नाही, हे मुलांच्या पथ्यावर पडले आहे. ती व्यवस्था तशीच टिकवली पाहिजे.

खोडदला एक वेगळीच शिस्त आहे. तिथल्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशातून येणारे अतिक्षीण संदेश टिपतात. मोबाईलच्या लहरींनी त्यात व्यत्यय येतो, म्हणून पाहुण्यांना फोन बंद करायला सांगतात. कारण खगोलशास्त्राचे आहे, खासगीपणाचे नाही. पण कारण पटले की हजारो माणसे मुकाट्याने फोन बंद करतात, हे तिथे दिसते. लोकांना शिस्त नको असते, ही सबब मग फारशी टिकत नाही.

बिबट्यासाठी लावलेला कॅमेरा

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. उसातला बिबट्या हा इथला रोजचा प्रश्न आहे, माणसे दगावली आहेत. त्यामुळे कॅमेरा ट्रॅप आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे इशारा-कॅमेरे लावले जात आहेत. त्यांची गरज नाकारणे म्हणजे शेतात राहणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळणे होईल.

पण कॅमेऱ्यासमोरून बिबट्यापेक्षा माणसेच जास्त जातात. पहाटे पाणी धरायला निघालेला शेतकरी, सरपण आणणारी बाई, वाट चुकलेला ट्रेकर. केंब्रिज विद्यापीठाचे त्रिशांत सिमलाई यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केलेला अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत गावच्या बायका टिपल्या गेल्या, एका महिलेचे खासगी क्षणाचे छायाचित्र स्थानिक पातळीवर पसरले, आणि मग बायकांचे जंगलातले वागणे-बोलणेच बदलले, असे त्यांनी नोंदवले. भीमाशंकर अभयारण्याच्या वाड्या-वस्त्यांवर महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाज राहतो. त्यांच्यासाठी जंगल ही सहलीची जागा नव्हे, अंगण आहे. पाहुणा दोन दिवस कॅमेऱ्यासमोरून जातो, ते रोज जातात. म्हणून माणूस टिपला गेलेली छायाचित्रे कोणी पाहायची, किती दिवसांत पुसायची आणि कॅमेरा कुठे आहे हे गावाला कधी सांगायचे, याचे लेखी नियम ग्रामसभेसमोर यायला हवेत.

चेहरा ओळखणारी यंत्रणा अजून गडावर आलेली नाही. मंत्रालयाच्या दारावर मात्र ती 2025 मध्ये बसली आणि विमानतळांवर त्याआधीच. गर्दीच्या तीर्थक्षेत्रात ती आणण्याचा मोह उद्या कोणालाही होईल. मोबाईल नंबर बदलता येतो, चेहरा नाही.

इतर संग्रहालयांना बसलेले फटके

ऑक्टोबर 2023 मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर ऱ्हिसिडा नावाच्या टोळीने सायबर हल्ला केला. संस्थेने खंडणी दिली नाही. टोळीने सुमारे 600 जीबी माहिती बाहेर टाकली, त्यात कर्मचाऱ्यांची आणि वाचकांचीही माहिती होती. सेवा महिनोन् महिने विस्कळीत राहिल्या. मार्च 2024 मध्ये संस्थेने आपल्या चुकांचा स्पष्ट अहवाल स्वतःहून प्रसिद्ध केला आणि जुनाट यंत्रणांवर बोट ठेवले. असे उघडपणे सांगणारी संस्था विरळा.

त्याआधी 2020 मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅकबॉड कंपनीवर हल्ला झाला. देणगीदारांच्या नोंदी सांभाळणारी ही कंपनी. तिच्या ग्राहकांत जगभरची संग्रहालये, विद्यापीठे आणि धर्मादाय संस्था होत्या. कंपनीने खंडणी भरली आणि 2023 मध्ये अमेरिकी राज्यांशी 4 कोटी 95 लाख डॉलरची तडजोडही केली. संग्रहालयांचा स्वतःचा दोष नव्हता, पण नाव त्यांचेच खराब झाले. कारण पाहुण्याने माहिती संग्रहालयाला दिली होती, कंपनीला नव्हे. आपल्याकडे देवस्थानाचे संगणकीय काम पाहणारा तालुक्याच्या गावचा ठेकेदार असो की पुण्याची कंपनी, उत्तर देवस्थानालाच द्यावे लागणार. नव्या कायद्यातही जबाबदारी माहिती घेणाऱ्याचीच आहे.

वस्तूंच्या नोंदींबाबत आपण मागे नाही. पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ नावाची प्रणाली तयार केली आणि देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे संग्रह तिच्यातून डिजिटल झाले. प्रत्येक नाण्याला क्रमांक, माप, छायाचित्र आणि उगमाची नोंद मिळाली. वस्तू कोणी हलवली हेही कळते. पाहुण्याच्या नोंदीला यातले काहीच नाही. ना तिचा कोणी राखणदार, ना ती कुठून कुठे गेली याचा माग.

नोंद हवी, पण किती?

नोंदच नको, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली. ढिगाऱ्याखाली किती जण आहेत, याचा अंदाज पुढे दिवसागणिक बदलत होता. पावसाळ्यात जीवधनच्या कड्याजवळ दहा जण अडकले, तर किती माणसे वर गेली आणि घरच्यांचा नंबर काय, एवढे बचाव पथकाला ताबडतोब मिळायला हवे. आपत्तीत मदतीसाठी माहिती वापरायला कायदा संमतीची अट घालत नाही, ते योग्यच आहे. पण बचावासाठी घेतलेला नंबर पुढच्या ट्रेकच्या जाहिरातीसाठी वापरणे हे त्या सवलतीत बसत नाही.

नोंद किती असावी, याचा एक जुना नमुना जुन्नरच्या डोंगरांतच आहे. मानमोडीच्या लेणीत नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने आपले नाव, वत्स गोत्र, पद, दान आणि 46 हे वर्ष कोरून ठेवले. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचे आढळते. काय कोरायचे ते देणाऱ्याने ठरवले, कशासाठी ते लेखातच सांगितले आणि जगाने ते वाचावे अशी त्याची इच्छा होती. आजच्या पाहुण्याला यातले काहीच ठरवता येत नाही.

मे 2027 ची वाट न पाहता तालुक्याच्या पातळीवर बरेच करता येईल, आणि त्याला फारसा खर्चही नाही. उघड्या वहीऐवजी सुटी चिठ्ठी आणि बंद पेटी ठेवावी. ट्रेकच्या चिठ्ठ्या माणसे सुखरूप खाली आली की फाडून टाकाव्यात. ओळखपत्र नुसते पाहून परत द्यावे. प्रत घ्यावीच लागली, तर शेवटचे चारच अंक दाखवणारा आधार घ्यावा. तो आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कोणालाही मिळतो. 2022 च्या मे महिन्यात प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने झेरॉक्स वाटू नका असा इशारा दिला आणि गैरसमज होईल म्हणून तो दोन दिवसांत मागे घेतला. सल्ल्यातले तथ्य मात्र तसेच राहिले. सहलीच्या यादीत आधार क्रमांक नसावा. गूगल फॉर्मवर पुसण्याची तारीख लिहिलेली असावी. सीसीटीव्हीखाली मराठीत पाटी असावी: चित्रण कोण करते, किती दिवस ठेवते, तक्रार कुठे करायची. आणि पुरातत्त्व खात्याने ऑनलाइन तिकिटाला फक्त माणसांची संख्या विचारावी. लेणी पाहायला ओळखपत्राचा क्रमांक कशाला हवा, याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तो रकाना रिकामा सोडता यावा.

या सगळ्यामागचे सूत्र एकच. जी माहिती घेतलीच नाही ती गळत नाही, चोरीला जात नाही, आणि तिच्यासाठी कुलूप, सर्व्हर किंवा अधिकारीही लागत नाही. जुन्नर-आंबेगावच्या छोट्या संस्थांना मोठ्या संग्रहालयांसारखी सायबर सुरक्षा परवडणार नाही. कमी घेणे मात्र त्यांना आजही परवडते. त्यासाठी पाहुण्यानेही वहीपुढे पेन उचलण्याआधी ‘हे कशाला?’ एवढे विचारायला शिकले पाहिजे.